पाण्यातला दम

बहात्तरच्या दुष्काळात बाभळवाडीचा तलाव खोदला गेला, तेव्हा पाळीवर माती टाकणाऱ्यांत कोंडिबा भोई होता. पुढं तलाव भरला. भोयांच्या तीसेक घरांनी मिळून मच्छीमार सोसायटी काढली, पाण्यात कटला-रोहूचं बीज सोडायला सुरुवात केली आणि कोंडिबा सगळ्यांचा जाणता झाला. सकाळी तो पाळीवर उकिडवा बसायचा, विडी ओढत पाणी न्याहाळायचा आणि म्हणायचा, "आज मोरीकडं नगं. सांडव्याच्या अंगाला चला." जाळं तिकडं पडायचं आणि मासा लागायचाच. अणदूरच्या बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बायका गिऱ्हाइकाला सांगायच्या, "कोंडिबा दादानं धरल्याला हाय."

पंच्याऐंशी साली सोसायटीनं त्याच्या भाच्याला, उत्तरेश्वरला, आठ महिन्यांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. पोरगा मॅट्रिक झालेला, बापाविना वाढलेला. आई त्याला घेऊन माहेरी आली होती ती कोंडिबाच्या शेजारीच खोप घालून राहिली. कोंडिबाला दोन मुली, दोघी लग्न होऊन उमरग्याकडं गेलेल्या. त्यामुळं कोंडिबाच्या बायकोनं, मुक्ताबाईनं, या पोराला पोटच्यासारखं पाहिलं. तो प्रशिक्षणाला निघाला तेव्हा कोंडिबानंच त्याची पेटी नळदुर्गाच्या स्टँडपर्यंत डोक्यावर नेली होती.

उत्तरेश्वर परत आला आणि सोसायटीचा सेक्रेटरी झाला. संक्रांतीनंतर एका रविवारी चेअरमन बलभीमअण्णांनी सगळ्या सभासदांना शाळेच्या पडवीत बोलावलं. "बायामाणसांनीबी या. उत्तरेश्वर माशाच्या इद्येचं काय सांगनार हाय."

कोंडिबा पुढं बसला. उत्तरेश्वरनं बादलीतून एक कटला काढला, त्याच्या गालाचं झाकण बोटानं उचललं आणि आतली लालभडक झालर सगळ्यांना दाखवली.

"हे कल्ले. आपल्याला छातीत फुप्फुसं, तशी माशाला ही झालर. मासा तोंडानं पाणी घेतो आणि इथून सोडतो. पाण्यात विरघळलेली हवा या झालरीला लागते. पाण्यातली हवा संपली तर मासा पाण्यातसुद्धा गुदमरतो."

"पान्यात मासा गुदमरंल?" कुणीतरी हसलं.

"गुदमरतो. आता ही मरळ बघा. हिला कल्ले आहेत, पण तेवढ्यावर भागत नाही. हिच्या डोक्यात वर एक पोकळी असते. ही वर येते, आपल्यासारखी हवा गिळते आणि खाली जाते. म्हणून ती ओल्या पोत्यात दिवसभर जगते. आणि पाण्याखाली जाळ्यात अडकवून ठेवली, वर येऊ दिली नाही, तर बुडून मरते."

बायकांनी तोंडाला पदर लावले. मासा बुडून मरतो! उत्तरेश्वर रंगात आला. खेकडा पाठीच्या कवचाखाली कल्ले ओले ठेवतो म्हणून काठावर हिंडतो, हे त्यानं खेकडा उलटा करून दाखवलं. बेडूक कातडीनंही श्वास घेतो, म्हणून उन्हाळाभर चिखलात गाडून घेऊन राहतो. गांडुळाला नाक नाही, फुप्फुस नाही, त्याचं सगळं अंगच नाक. नाकतोड्याच्या कुशीला भोकं असतात, म्हणजे त्याचं तोंड पाण्यात धरलं तरी त्याला कळायचंसुद्धा नाही.

"आणि पाणकिडा," उत्तरेश्वर म्हणाला. "काळा, चपटा, डबक्यात असतो तो. तो वर येतो, शेपटीकडनं पंखाखाली हवेचा बुडबुडा भरून घेतो आणि खाली जातो. शिदोरी बांधून घेतल्यासारखी. संपली की पुन्हा वर."

कोंडिबानं मान वर केली.

ही शिदोरी त्याची होती. तलावाचं काम चालू असताना, दुपारच्या सुट्टीत, खड्ड्यातल्या डबक्याकाठी तो आणि दहा वर्षांचा हा पोरगा पोटावर पडून पाण्यात बघत होते. कोंडिबानं काडीनं दाखवलं होतं, "त्यो बग, शेपटीखाली चांदीचा मणी. हवा हाय ती. शिदोरी बांदून घेतली गड्यानं." शब्दसुद्धा तोच. कोंडिबा वाट बघत राहिला. आता म्हणंल, मामांनी दाखवलं होतं. आता म्हणंल.

उत्तरेश्वर पुढं म्हैस पाण्यात नाकपुड्या वर कशी ठेवते ते सांगायला लागला. मग चहा आला.

घरी येताना मुक्ताबाई म्हणाली, "काय बाई सांगतंय पोरगं! ऐकत ऱ्हावं वाटतंय."

"त्यात नवं काय हाय? मरळ पोत्यात जगती हे म्या तीस साल सांगतोय."

"तुमी सांगता व्हय. पर असं कुटं सांगता?"

कोंडिबानं त्या दिवशी भाकरी अर्धी टाकली.

त्यानंतर त्याला एक खोड लागली. उत्तरेश्वरकडं कोण जातंय, कोण त्याला काय विचारतंय, यावर त्याचं ध्यान राहू लागलं. जाळं कुठं टाकायचं हे आता पोरगा ठरवायचा. तो दोरीला दगड बांधून पाण्याची खोली मोजायचा, वहीत लिहायचा. कधी मासा लागायचा, कधी नाही. लागला की कोंडिबाच्या छातीत काहीतरी आवळायचं. नाही लागला की ते सैल सुटायचं, आणि मग त्याला स्वतःचीच थोडी लाज वाटायची. बाजारात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "उत्तरेश्वरच्या तळ्यातला मासा का?" पाटीवर बसलेल्या सरुबाईनं "व्हय" म्हटलं. उत्तरेश्वरचं तळं! कोंडिबा मागं उभा होता. त्यानं टोपली उचलली आणि तीन मैल चालत घरी आला, एसटीसाठी थांबला नाही.

सरुबाई विधवा होती, त्यांच्याच आळीतली. नवरा गेल्यावर तिला बाजाराची पाटी कोंडिबानंच धरायला शिकवली होती. ती त्याला दादा म्हणायची.

बहीण एकदा म्हणाली, "दादा, उत्तऱ्याशी बोलंनास? त्यो इचारत व्हता, मामा रुसल्यात का म्हून."

"मी कशाला रुसू? मोठा झाला त्यो."

शहाऐंशीचा उन्हाळा वाईट आला. मागचा पाऊस निम्माही झाला नव्हता. विहिरी एप्रिलमध्येच आटल्या, शिवारातली जनावरं उरल्यासुरल्या पाण्यासाठी तलावावर यायची आणि चिखल तुडवून जायची. मेच्या मध्याला तलावाचं पाणी कालव्याच्या मोरीसमोरच्या डोहात गोळा झालं होतं. दोन बिघ्यांचा तुकडा, कमरेएवढा खोल आणि हिरवट. सगळ्या तलावाचा मासा त्यात. कटले हातभर वाढले होते. जाळ्यात आले तरी सोसायटीनं दोन वर्षं ते वाढायला परत सोडले होते.

उत्तरेश्वरनं ठरवलं, शुक्रवारी सगळा मासा काढायचा. एवढा माल आसपासच्या बाजारात खपणार नव्हता. सोलापूरहून बर्फाचा ट्रक आणायचा होता, आणि त्यासाठी मंगळवारी सोलापूरला जाऊन बोलणं करावं लागणार होतं.

मंगळवारी दिवस उगवायला तो पाळीवर आला. कोंडिबा तिथं होताच. डोहात मासे वर आले होते. शेकडो तोंडं पाण्याच्या वर, उघडझाप करत. पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज येत होता.

"मामा, रात्रभर पाण्यातली हवा शेवाळानं खाल्लेली असते," उत्तरेश्वर म्हणाला. "ऊन पडलं की शेवाळ हवा सोडतं, मग मासे खाली जातात. रोज सकाळी थोडं असं होतंच. तुम्ही जरा लक्ष ठेवाल? आठाच्या आत खाली गेले पाहिजेत. नाही गेले तर माझी वाट बघू नका. अण्णांना सांगा आणि जाळं ओढा, मिळंल त्या बाजारात घाला. बाकीच्यांना पाण्यात उतरवून पाणी हलवत ठेवा."

"मला शिकिवतूस?"

पोरगा गोंधळला. "नाही मामा. तुम्हाला माहीतच आहे. म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

तो एसटीला गेला. कोंडिबानं आभाळाकडं बघितलं. वळवाचं मळभ दाटलं होतं, राखेच्या रंगाचं, आणि वारा ठार पडला होता. बाभळीचं पान हलत नव्हतं. आज ऊन पडणार नव्हतं. तो काठाकाठानं चालत गेला. खेकडे पाणी सोडून दगडावर येऊन बसले होते. एक-दोन नव्हे, शंभरेक. झिंगे काठाच्या ओल्या चिखलात चढून पडले होते. पाण्यातला दम गेला, त्याचा बाप म्हणायचा. बोरी नदीच्या एका डोहात त्यानं हे लहानपणी एकदा पाहिलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो डोह पांढरा झाला होता.

आठ वाजले. मासे वरच होते. दहा वाजले, तरी वरच.

बलभीमअण्णांचं घर पाळीपासून हाकेच्या अंतरावर होतं. कोंडिबा दोनदा उठला आणि दोनदा बसला. उठला की त्याला दिसायचं, सगळी माणसं जाळं ओढतायत, मासा वाचतोय, आणि संध्याकाळी लोक म्हणतायत, उत्तरेश्वरनं जाताना बरं सांगून ठेवलं म्हणून. मामा फक्त निरोप्या. मग तो खाली बसायचा. ऊन पडंल म्हनला न्हवं त्यो? बघू की त्याचं ऊन.

दुपारी सरुबाई शेळीला पाणी पाजायला आली. तिनं डोहाकडं बघितलं.

"दादा, मासं अजून वर कसं? दुपार झाली की."

"मला काय इचारतीस? उत्तरेश्वरला इचार. शिकल्याला हाय त्यो."

सरुबाई शेळीचं दावं ओढून गेली. जाणता माणूस पाळीवर बसलाय म्हटल्यावर तिला दुसऱ्या कुणाला सांगायची गरज वाटली नाही.

शेवटच्या एसटीनं उत्तरेश्वर आला तेव्हा दिवस मावळला होता. कोंडिबा घराकडं निघाला होता. वाटेतच गाठ पडली. पोराचा चेहरा धुळीनं माखलेला, पण खुशीत होता.

"ट्रकचं जमलं मामा! शुक्रवारी पहाटे येतोय." मग त्यानं विचारलं, "मासे गेले ना खाली?"

कोंडिबाला पुढं किती वर्षं हा प्रश्न तसाच ऐकू येत राहिला. त्यात संशय नव्हता, काळजीसुद्धा फार नव्हती. मामा पाळीवर होते म्हणजे सगळं नीट असणार, एवढंच होतं.

"गेलं," कोंडिबा म्हणाला.

"बरं झालं. मग आता जात नाही तिकडं, पाय मोडलेत नुसते."

बुधवारी उजाडलं तेव्हा डोहाचं पाणी दिसत नव्हतं. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत पांढरी पोटं. मोठे कटले सगळ्यात आधी गेले होते, त्यांचे डोळे पांढुरके झाले होते. काही रोहू अजून कडेला तोंड वासत होते, बायका त्यांना हातानं उचलून बादलीत टाकत होत्या आणि ते बादलीत मरत होते. जिवंत होती ती मरळ. मेलेल्या माशांच्या मधून एखादी काळी पाठ वर यायची, हवा गिळायची आणि खाली जायची.

तीस घरं काठावर जमली. कुणी मोठ्यानं रडलं नाही. पाळीवर घारी उतरायला लागल्या होत्या, त्यांना कुणी हाकललंही नाही.

बलभीमअण्णा उत्तरेश्वरच्या अंगावर गेले. "आठ महिनं काय शिकलास रं? काल मासा वर व्हता म्हनत्यात! आन् तू सोलापूर हिंडत व्हतास?"

"मी मामांना..." उत्तरेश्वरनं कोंडिबाकडं पाहिलं आणि थांबला. "नाही. चूक माझीच आहे अण्णा. मी येऊन स्वतः बघायला पाहिजे होतं."

"आमच्या कोंडिबाच्या हातात असतं तर असं झालं नसतं," कुणीतरी मागून म्हणालं. "वहीत बघून मासा कळतो व्हय!"

आणि हे ऐकून कोंडिबाला बरं वाटलं. मेलेल्या माशांच्या काठावर उभं राहून, बहिणीचं पोर मान खाली घालून उभं असताना, त्याच्या छातीतली चार महिन्यांची गाठ सुटली आणि गार वाटलं. ते किती वेळ टिकलं हे त्याला सांगता आलं नसतं. उत्तरेश्वर पाण्यात उतरला, एकेक कटला दोन्ही हातांनी उचलून काठावर ठेवायला लागला. झोपलेलं मूल उचलावं तसा. तेवढ्यात ते गार वाटणं गेलं.

दोन दिवस खड्डे खणायचं काम चाललं. वास गावापर्यंत गेला. दुसऱ्या दिवशी सरुबाई कोंडिबाच्या शेजारी पाटीनं माती ओढत होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून ती म्हणाली, "दादा, म्या त्या दुपारी इचारलं व्हतं. तुमाला म्हाईत व्हतं ना?"

कोंडिबानं टिकाव मारला.

"म्या कुनाला सांगनार न्हाय," ती म्हणाली. "तुमी मला पोटाला लावलं. पर पोरगं जेवंना झालंय. त्याची माय रडत व्हती काल."

ती पाटी उचलून गेली. पुढं आयुष्यात तिनं हा विषय काढला नाही.

रविवारी मारुतीच्या पारावर बैठक भरली. बलभीमअण्णांनी सरळ मुद्द्याला हात घातला. उत्तरेश्वरला सेक्रेटरी पदावरून काढायचं आणि तलावाचा कारभार कोंडिबाकडं द्यायचा. माना हलल्या. उत्तरेश्वर खांबाला टेकून बसला होता. वही त्यानं आधीच अण्णांसमोर ठेवली होती.

"कोंडिबा, बोल."

कोंडिबा उठला. त्याला वाटलं होतं की आपण एवढंच म्हणू, मला जमणार नाही. पण तोंडातून निघालं ते दुसरंच.

"मासं खाली गेलं न्हवतं. मंगळवारी दिवसभर वर व्हतं. म्या बघत बसलो. ह्यो जाताना सांगून गेला व्हता, अण्णाला सांगा, जाळं वढा. म्या सांगितलं न्हाय. सांजच्याला ह्यानं इचारलं तवा म्या म्हनलं, गेलं."

मुक्ताबाई बायकांत बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला.

"का पर?" अण्णांचा आवाज खाली आला होता. "का, कोंडिबा?"

आता कारण सांगायचं होतं. कोंडिबानं ते शोधलं तर हाताला एवढंसंच लागलं.

"त्यानं शाळंत पानकिड्याचं सांगितलं. त्ये म्या दावलं व्हतं त्याला. त्यानं माजं नाव घेतलं न्हाय."

कुणीतरी फसकन हसलं. हसणाऱ्याला वाईट काही म्हणायचं नव्हतं. ते इतकं लहान होतं की हसूच आलं. कोंडिबाला शिवी चालली असती.

उत्तरेश्वर उठून उभा राहिला होता. "किडा आठवतो मला," तो म्हणाला. "डबकं आठवतं. तुम्ही दाखवलं हे आठवत नाही मामा. खरंच आठवत नाही. मला वाटायचं मीच बघितलं. मला सांगायचं होतंत. मी पुन्हा सभा बोलावून सांगितलं असतं."

मग तो पारावरून उतरून निघून गेला. वही तिथंच राहिली. ती अण्णांनी उचलली आणि संध्याकाळी स्वतः त्याच्या घरी नेऊन दिली.

सोसायटीनं कोंडिबाला काढलं नाही. दोन हंगाम जाळ्याला हात लावायचा नाही आणि नवं बीज येईल तेव्हा राखणीचं काम बिनबोभाट करायचं, असं ठरलं. त्या वर्षी भोयांची बरीच घरं रोजगार हमीच्या कामावर गेली. कोंडिबाही गेला, खडी फोडली. तिथं त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही, आणि ते बरोबरच आहे असं त्याला वाटायचं. मुक्ताबाई घरात स्वयंपाक करायची, ताट वाढायची, पण बोलायची नाही. पोळ्याच्या दिवशी तिनं पुरणपोळीचं पहिलं ताट उचललं आणि शेजारच्या खोपीत नेलं. परत आल्यावर उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "तुमचा जीव गुदमरत व्हता तर मला सांगायचं. त्या लेकराला कशापायी बुडवायचं?"

पुढच्या साली तलाव निम्मा भरला. नवं बीज आलं. राखणीला कोंडिबा असायचा. सकाळी पाणी बघायचा आणि उत्तरेश्वरच्या दारात जाऊन, उंबऱ्याबाहेरूनच, जे दिसलं ते सांगून यायचा. उत्तरेश्वर "बरं" म्हणायचा आणि लिहून घ्यायचा. मामा हा शब्द त्याच्या तोंडून वर्षभर आला नाही. नंतर एकदा आला तो सवयीनं, आणि दोघांनीही तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

दुसरा हंगाम सरला तेव्हा जाळं ओढायच्या दिवशी कोंडिबा काठावर उभा होता. उस्मानाबादचे एक साहेब आले होते. त्यांनी उत्तरेश्वरला बोलावून घेतलं, खांद्यावर हात ठेवला, त्याला काय काय विचारलं आणि त्याचा फोटो काढला. कोंडिबाच्या छातीत जुनी जागा जळायला लागली. त्याला वाटलं होतं ती मेली असंल. ती तशीच होती, तेवढीच.

उत्तरेश्वरनं हाक मारली, "या टोकाला माणूस कमी आहे."

कोंडिबानं धोतर खोचलं, पाण्यात उतरला आणि दोर धरला. समोरच्या टोकाची माणसं ओढायला लागली, तसा तोही जळत जळत ओढायला लागला.